सुरक्षित घरात बसून युद्धातल्या मुलांची चित्रं काढावीत का?

तुम्ही लिहिलंय, गाझा-युक्रेनमधल्या पोरांचे फोटो बघून हात शिवशिवतो, पण पंख्याखाली बसून ते रंगवणं म्हणजे दुसऱ्याच्या दुःखावर आपली पोळी भाजून घेणं वाटतं. वाटू दे. तरी काढा.

मी शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालो, ठाण्यात कोपरीला राहतो. दोनेक वर्षांपूर्वी अशाच एका फोटोवरून कोळशात चित्र केलं. धुळीने पांढराफट्ट पडलेला चेहरा. शेजारचे काका चहाला आले होते, म्हणाले, "धूळ काय सुरेख उतरलीय हो!" उतरली होतीच. खोडरबराने कोळसा उचलत मी तासभर त्या धुळीवरच रमलो होतो, पोराकडे बघितलंच नव्हतं. चित्र कपाटामागे गेलं, अजून तिथेच आहे.

मग जर्मन चित्रकर्ती केटे कोलविट्झचं 1903 सालचं एचिंग (धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून छापलेलं चित्र) पुन्हा काढून बघितलं. मेलेल्या मुलाला कवटाळून मांडी घालून बसलेली आई, तिचा चेहरा पोराच्या छातीत रुतलेला. त्यासाठी कोलविट्झ स्वतःच आरशासमोर बसली होती, सात वर्षांच्या पीटरला, धाकट्या मुलाला, घेऊन. (हाच पीटर 1914 मध्ये बेल्जियममध्ये लढाईत मारला गेला.) तिने आधी ते ओझं अंगावर घेतलं होतं.

एका दुपारी नातू माझ्या मांडीवर झोपला. सात वर्षांचं झोपलेलं पोर भलतंच जड होतं हो! दहा मिनिटांत डावी मांडी बधिर. उजव्या हाताने रेघा मारत राहिलो. त्याचं पाऊल गुडघ्याखाली लोंबत होतं, मोजा अर्धा निघालेला. चित्रात चेहरा नाहीच, तो मोजा आहे.

आणखी एक. ज्यू चित्रकर्ती फ्रीडल डिकर-ब्रँडाइस टेरेझिनच्या नाझी छावणीत स्वतः कैदेत असताना तिथल्या मुलांना चित्रकला शिकवायची. प्रत्येकाला चित्रावर स्वतःचं नाव घालायला लावायची. 1944 मध्ये तिला आउश्वित्झला नेऊन मारलं. मागे दोन सुटकेसमध्ये मुलांची सुमारे 4,500 चित्रं राहिली. तेव्हा फोटोखाली पोराचं नाव दिलं असेल, तर पेन्सिल उचलण्याआधी ते वाचा.

विकायचं म्हणाल, तर पैसे कुणाला जाणार ते आधी ठरवा. मला ते ठरवता आलं नाही, म्हणून माझं घरीच आहे. नातवाचं म्हणणं, मोजा चुकीच्या पायात दाखवलाय.