दीड वर्षाची मुलगी चार-पाचच शब्द बोलते. रोजच्या ठरलेल्या कामांतून भाषा वाढते म्हणतात, तर घरी नेमकं काय करायचं?

दिवसातला एकच प्रसंग निवडा. मी आंघोळ सुचवेन, कारण ती रोज होते आणि तिचा क्रम ठरलेला असतो. पुढे काय होणार हे ठाऊक असलं की मुलाचं लक्ष शब्दांकडे जातं. जेरोम ब्रूनर या मानसशास्त्रज्ञांनी बुवा-कुकसारख्या खेळांत हेच टिपलं: आधी सगळं मोठी माणसं करतात, क्रम अंगवळणी पडला की मूल आपली पाळी स्वतः घेतं.

प्रत्येक टप्प्याला एक छोटं वाक्य ठरवा आणि रोज तेच म्हणा. ओतण्याआधी ‘पाणी घालू?’, ओतताना ‘घालते हं, घालते’, ओतल्यावर ‘घातलं!’ मराठी क्रियापदाचा शेवट सतत बदलतो. इथे तिन्ही रूपं आपापल्या क्षणी कानावर पडतात. शेवटी ‘संपलं’.

आठ-दहा दिवसांनी भरलेला मग वर धरा, ‘पाणी...’ म्हणा आणि थांबा. मनात सावकाश दहापर्यंत मोजा. बहुतेक घरांत इथेच गडबड होते. दोन सेकंदांत आपणच बोलून टाकतो आणि तिची पाळी हुकते. तिने तुमच्याकडे बघितलं, हात पुढे केला, ‘पा’ म्हटलं, काहीही चालेल. लगेच पाणी घाला आणि एक शब्द जोडून परत द्या: ‘पाणी घाल!’ ‘आधी म्हण, मग देते’ ही अट कृपा करून नको. सारखं ‘हे काय, ते काय’ विचारणंही नको, त्याने मुलं गप्प होतात.

क्रम पक्का झाल्यावर कधीतरी रिकामाच मग उपडा करा. पाणी कुठे गेलं हे सांगावंसं वाटणं, हे बोलण्याचं फार मोठं कारण असतं.

आजी तांब्या म्हणते, तुम्ही मग म्हणता, हरकत नाही. मात्र क्रम सगळ्यांनी तोच ठेवा आणि टीव्ही बंद असू द्या. नंतर तेच ‘घालू?’ बाहेर जाताना बुटांना लावा, फ्रॉकला लावा. नाहीतर शब्द न्हाणीघरापुरताच राहतो.

हाक मारल्यावर ती वळत नसेल, बोटाने दाखवत नसेल किंवा येत असलेले शब्द बंद झाले असतील, तर वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कानांची तपासणी करून घ्या. दोन वर्षांची होऊनही दोन शब्द जोडत नसेल, तरीही हेच.