तीन मिनिटांच्या तबकडीत काय ऐकायचं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: तासाभराचा ख्याल (रागाची सावकाश, सविस्तर मांडणी) ऐकायची कानाला सवय, त्यामुळे गायक अब्दुल करीम खाँसाहेब किंवा गायिका केसरबाई केरकरांच्या जुन्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्या लावल्या की खरखर आणि घाई एवढंच पदरात पडतं. मग जाणती मंडळी त्या डोक्यावर का घेतात? शिवाय, सध्या आम्ही काय ऐकतोय हेही तुम्ही विचारलंय. दोन्हींचं उत्तर एकातच देतो, कारण सध्या मी बरंचसं तेच ऐकतोय.

आधी घाईचं बघू. १० इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटांचं गाणं मावायचं, १२ इंचीवर फार तर साडेचार मिनिटांचं. आजच्या अतिविलंबित लयीत एकतालाचं (बारा मात्रांच्या तालाचं) एकच आवर्तन मिनिटभर चालतं, म्हणजे तिसऱ्या समेला, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला, तबकडी संपली. तेव्हाच्या गवयांना हे गणित पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे तबकडीसाठी ते मध्य किंवा द्रुत लयीची चीज निवडत, आलाप जवळजवळ सोडून देत आणि पहिल्या काही सेकंदांत मुखडा, म्हणजे चीजेची सुरुवातीची ओळ, मांडून मोकळे होत. तुम्ही तबकडीत मैफल शोधता म्हणून घाई वाटते. ती तेवढ्या वेळासाठी वेगळी बांधलेली चीज आहे असं धरून ऐका, मग प्रश्नच बदलतात. अंतरा (चीजेचा दुसरा भाग) कधी घेतला? तानेला किती जागा ठेवली? शेवटचा मुखडा सावकाश आला, का तबकडी संपत आली म्हणून आवरता घेतला?

गायिका गौहरजानच्या तबकड्या या दृष्टीने ऐकण्यासारख्या आहेत. १९०२च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात तिचं गाणं मुद्रित केलं. शेवटी ती इंग्रजीत ठसक्यात आपलं नाव सांगते, ते प्रसिद्धच आहे. मूळ मुद्रणं छपाईला जर्मनीत हॅनोव्हरला जात, तिथल्या माणसांना कोणती तबकडी कुणाची हे कळावं म्हणून ही सोय होती. मला त्यातली गंमत वेगळीच वाटते: नाव सांगायला लागणारे दोन-तीन सेकंदही तिने हिशेबात धरलेले असतात. इतकं नेमकं गाणं घाईत होत नाही.

आता अब्दुल करीम खाँसाहेब. 'पिया बिन नाही आवत चैन' या झिंझोटीच्या ठुमरीबद्दल भीमसेन (जोशी) अण्णांची, ती ऐकून गाणं शिकायला लहानपणी घर सोडल्याची, गोष्ट सगळ्यांना पाठ असते, पण त्या गोष्टीपायी तबकडी ऐकायची राहून जाते. एकदा फक्त 'पिया बिन' एवढ्या दोन शब्दांवर कान ठेवून ऐका. शब्द तेच, पण दर वेळी तिथे यायची वाट निराळी. कधी सुरावर नुसतं उभं राहणं, कधी वरून घसरत येणं, कधी शब्द अर्धा टाकून पुढे निघणं. आवाज बारीक, टोकदार, जरासा अनुनासिक. पहिल्यांदा तो खटकतो, हे मान्य. पण त्या बारकाईमुळेच सूर कुठे लागला आणि कुठे नुसता स्पर्शून गेला हे खरखरीतूनही स्पष्ट कळतं. भरदार आवाजात असे तपशील बऱ्याचदा झाकले जातात.

त्यांचं १९०५च्या सुमारासचं मुद्रण मिळालं तर त्याच बैठकीत लावा, आणि मग १९३०च्या दशकातलं. पहिलं कर्ण्यात तोंड घालून गायलेलं, दुसरं मायक्रोफोनसमोरचं. १९२५ला विजेवरचं ध्वनिमुद्रण सुरू झालं आणि पुढच्या दोन-चार वर्षांत ते आपल्याकडे पोचलं. कर्ण्याला हळू आवाज ऐकूच येत नसे, त्यामुळे सगळं एका जोरात गावं लागे. मायक्रोफोन आल्यावर खाँसाहेबांना कुजबुजीइतकं हळू गाता आलं. आपण ज्याला त्यांच्या गाण्यातलं आर्जव म्हणतो, ते या नंतरच्या तबकड्यांतच मुख्यतः ऐकू येतं. १९३७ला ते गेले, म्हणजे या यंत्राचा त्यांना फार थोडा काळ उपयोग झाला.

केसरबाईंचं गाणं याच्या अगदी उलट टोकाचं. 'आ' स्वराचा मोकळा, गोल उच्चार, दमसास असा की श्वास कुठे घेतला ते शोधावं लागतं. भैरवीतलं 'जात कहाँ हो' साडेतीन मिनिटांचं. १९७७ला व्हॉयेजर यानांवर जी सोन्याची तबकडी गेली तिच्यात तेच आहे. दुसरं यान ५ सप्टेंबरला सुटलं आणि १६ला बाई गेल्या. पण माझ्या मते त्यांची खरी ओळख भैरवीत नाही, ललिता गौरीत आहे. 'प्रीतम सैंया' ऐका. ललत आणि गौरी या दोन रागांचे धागे इतके एकजीव झालेत की शिवण बोटाला लागत नाही. शिवाय लयीचा दाब एका क्षणालाही सैल पडत नाही. केसरबाईंच्या जयपूर घराण्याचं गाणं बुद्धीचं, कोरडं, असं जो म्हणतो त्याला ही तबकडी सलग तीन वेळा ऐकवावी, एवढंच मी म्हणेन.

जाणती मंडळी हळवी होतात त्याला आणखी एक कारण आहे. केसरबाई आणि गायिका मोगूबाई कुर्डीकरांचे गुरू अल्लादिया खाँसाहेब १९४६पर्यंत हयात होते, पण त्यांचं मुद्रण नाही. गायक भास्करबुवा बखल्यांचंही नाही. या माणसांचं गाणं कसं होतं याचा अंदाज शिष्यांच्या तबकड्यांवरूनच बांधायचा. तीन मिनिटं कमी वाटतात खरी, पण शून्य मिनिटांच्या शेजारी ठेवून बघा.

खरखरीबद्दल माझं मत जरा कडक आहे. अतिस्वच्छ केलेल्या प्रती ऐकू नका. खरखर घालवायची म्हणून वरच्या पट्ट्यातला आवाज कापला की तंबोऱ्याची जवारी (तारांची झणझण), तबल्याची चाट (कडेवरचा टणक आवाज) आणि 'स', 'श'ची धार हे सगळं सोबत जातं. उरतो तो उशीखालून आल्यासारखा गळा. खरखरीला कान दहा मिनिटांत सरावतो, कापलेला आवाज मात्र परत आणता येत नाही. एकाच तबकडीच्या दोन-तीन प्रती मिळत असतील तर जिच्यात जास्त खरखर आहे पण तंबोरा ऐकू येतोय ती ठेवा.

वेगाकडेही लक्ष द्या, कारण याने तर रागाचा भावच बदलतो. 'सेव्हंटी एट' नुसतं म्हणायला, जुन्या काळी प्रत्यक्षात मुद्रण कधी ७२ला, कधी ७६ला, कधी ८०ला व्हायचं. ७२ला मुद्रित झालेली तबकडी ७८ला वाजवली की पट्टी अर्ध्या सुराहून जास्त चढते: काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला) गाणारा माणूस पांढरी दोनच्याही वर ऐकू येतो, गळा किरटा होतो, ताना अचाट वाटतात. कित्येकांच्या 'विजेसारख्या ताना' या चुकीच्या वेगाची करामत असते. आजकाल कोणत्याही साध्या ॲपमध्ये वेग आणि पट्टी एकत्र खाली आणता येते. पाच-सात टक्के कमी करून बघा. तबला टकटक करायचा थांबला आणि बायाला (डाव्या हाताच्या तबल्याला) घुमारा आला, की जवळपास पोचलात.

फैयाज खाँसाहेबांची जयजयवंती, 'मोरे मंदर अब लौं नहीं आये', यादीत हवीच. शब्द फेकायची ती रुबाबदार तऱ्हा तीन मिनिटांत पुरती भेटते.

आणि लांब गाण्याची तहान आहेच, तर अमीर खाँसाहेबांचा मारवा. १९६०ची एलपी (लाँग-प्ले तबकडी), एक पूर्ण बाजू. झुमरा तालात 'पिया मोरे अनत देस गईलवा', मग तीनतालात 'गुरु बिन ज्ञान'. मारव्यात पंचम वर्ज्य, आणि षड्जावर, म्हणजे 'सा'वर, टेकायचं शक्यतो टाळायचं. सगळा मुक्काम कोमल रिषभ आणि धैवतावर. आता बंदिशीचे शब्द बघा: पिया परदेशी गेलाय, घरी कधी येईल ठाऊक नाही. इकडे खाँसाहेब षड्जाच्या अवतीभवती फिरतात, तो देतो देतो म्हणतात आणि देत नाहीत. अखेर षड्ज लागतो तेव्हाही क्षणभरच. शब्द आणि स्वर एकच गोष्ट सांगताहेत, तीही कुठे न दाखवता, हे मला फार वर्षं ऐकूनही जुनं वाटत नाही.

त्यावर उतारा म्हणून किशोरीताई आमोणकरांचा भूप लावतो, 'सहेला रे'. त्याबद्दल नव्याने काय सांगायचं! वाद्यात सध्या सतारवादक निखिल बॅनर्जी, तेही त्यांच्या मृत्यूनंतर बाहेर आलेली मैफलींची ध्वनिमुद्रणं. स्टुडिओतल्यापेक्षा तिथे सतार जास्त मोकळी बोलते.

तुमच्यासाठी क्रम मी असा लावेन. आठवडाभर फक्त झिंझोटी आणि ललिता गौरी, रोज एकदा, दुसरं काम हातात न घेता. मग मारवा, आणि मारव्यानंतर पुन्हा झिंझोटी. त्यानंतरही घाईच वाटली तर सांगा. मोगूबाईंच्या तबकड्यांबद्दल लिहायचं राहिलंय, तिथून पुढे जाऊ.