डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव आलंय, आता वर्ष जाणार का?

सेमिस्टर अर्ध्यावर आलं की माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या पहिल्या वर्षाच्या पोरांचा प्रश्न ठरलेला असतो, मॅडम डिफॉल्टर लिस्ट (म्हणजे हजेरी कमी असलेल्यांची यादी) लागली, त्यात माझं नाव आहे, आता परीक्षेला बसू देणार नाहीत का. आणि त्याला जोडूनच, घरी कळलं तर काय. कधी पोरं स्वतः येतात पण जास्त वेळा आईवडीलच फोन करतात कारण कॉलेजने त्यांना मेसेज टाकलेला असतो. एका मुलाची केस लिहिते, म्हणजे बऱ्याच जणांना उत्तर मिळेल. ओळख पटेल असं सगळं बदललंय, नाव ओंकार धरा.

ओंकार लातूरकडचा, पुण्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. अकरावी-बारावी त्याने 'इंटिग्रेटेड'मध्ये केली होती, म्हणजे नाव ज्युनिअर कॉलेजात आणि मुलगा दिवसभर सीईटीच्या क्लासमध्ये. कॉलेजची पायरी फक्त फॉर्म भरायला आणि प्रॅक्टिकलच्या परीक्षेला चढलेली. आता अशा मुलाला तुम्ही अचानक सांगता की रोज हजेरी, ७५ टक्के पाहिजेच, जर्नल दर आठवड्याला चेक करून घ्यायचं, टेस्ट चुकवायची नाही. त्याला हे नियम खरे वाटतच नाहीत हो, दोन वर्षं कोणी लावलेच नव्हते ना. पोरं बेशिस्त आहेत असं स्टाफरूममध्ये म्हणतात तेव्हा मला हे नेहमी सांगावंसं वाटतं.

त्याला माझ्याकडे पाठवलं त्याच्या जीएफएमनी, म्हणजे वीसेक मुलांमागे एक पालक-शिक्षक नेमलेले असतात ते. आल्यावर बराच वेळ मोबाइलचं कव्हर काढत आणि घालत बसला. मग म्हणाला, "मॅडम, हजेरीचा नियम कोर्टाने रद्द केलाय ना?" आणि एक फॉरवर्ड दाखवला. तर हे फॉरवर्ड तुमच्याही ग्रुपवर आलं असेल म्हणून सांगते, नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने निकाल दिला की हजेरी कमी आहे एवढ्या कारणाने लॉच्या विद्यार्थ्याला परीक्षेपासून अडवू नका. पण तो निकाल लॉ कॉलेजांपुरता आहे, २०१६ मध्ये एका लॉच्या विद्यार्थ्याने जीव दिला त्यावरून चाललेल्या केसमधला. त्याच्या भरवशावर इंजिनिअरिंगच्या किंवा बीकॉमच्या पोराने घरी झोपून राहू नये.

तोंड जरा उघडल्यावर मुळातलं कारण बाहेर आलं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. एका विषयाच्या सरांचा पहिल्या दिवसापासून नियम, लेक्चर सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी दार बंद, मोबाइल बॅगेत, आणि उशिरा आलेल्याने दारात उभं राहून वर्गाचा वेळ खायचा नाही. ओंकारची राहायची पीजी लांब, दोन बस बदलून यायचं. दोन-तीनदा दारातून परत गेला, एकदा सगळ्यांसमोर बोलणी बसली, आणि त्यानंतर त्याने त्या लेक्चरला जाणंच सोडलं. लेक्चर नाही म्हणून त्याच सरांच्या प्रॅक्टिकलला जायला भीती, प्रॅक्टिकल नाही म्हणून राइट-अपवर सही नाही, सही नाही म्हणून सर दिसले की जिना बदलायचा. मग त्या मजल्यावरची बाकीची लेक्चर्सपण सुटायला लागली. उशीर होता पंधरा मिनिटांचा, बाकी सगळं त्या लपण्याने झालं.

माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात-आठ केसेस अशाच, नियमाने पोराचं जेवढं नुकसान होतं त्याच्या कितीतरी पट तोंड चुकवण्याने होतं.

रात्री झोप येत नाही म्हणाला, घरून फोन आला की पोटात गोळा येतो म्हणाला. अशा वेळी जिवाचं बरंवाईट करायचा विचार येतो का हे मी सरळ शब्दांत विचारते, विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट मुलाला बोलायला वाट मिळते. त्याला तसं काही नव्हतं. तरी टेली-मानसचा १४४१६ नंबर त्याच्या मोबाइलमध्ये सेव्ह करायला लावला, फुकट आहे आणि रात्रीबेरात्रीसुद्धा लागतो.

मग कागद घेतला. मुलांना वाटतं ६२ टक्के म्हणजे संपलं, पण गणित कोणी मांडतच नाही. तोपर्यंत झालेले तास १६०, त्याची हजेरी ९९. पुढे सहा आठवडे, आठवड्याला २० धरले तर १२०. एकूण २८०, त्याचे ७५ टक्के २१०, म्हणजे आता १२० पैकी १११ तास बसायचं, फक्त नऊ चुकवता येणार. ओंकारने तो कागद दोनदा तपासला, मग म्हणाला, "म्हणजे अजून होऊ शकतंय?" होऊ शकतंय पण अवघड आहे, दोन्ही खरं आहे, म्हटलं.

दुसरं, सरांनी सेमच्या सुरुवातीला टाकलेलं नियमांचं पान उघडायला लावलं. गूगल क्लासरूमवर पडलेलं होतं, याने एकदाही उघडलं नव्हतं. त्यात सगळं होतं, असाइनमेंट उशिरा दिली तर किती मार्क कापणार, दुसऱ्याचं जर्नल उतरवलं तर दोघांनाही शून्य, आणि टेस्ट चुकली तर सात दिवसांत कारणासकट अर्ज केला तरच पुन्हा घेणार. याची टेस्ट चुकून तीन आठवडे झाले होते. ते वाचल्यावर त्याचा चेहरा पडला. इंटर्नलच्या ३० मार्कांतला तो तुकडा गेला तो गेलाच. हे पान धमकीचं आहे असंच मुलं धरून चालतात, त्यात आपल्या सोयीचंही काही असतं हे कोणाला दिसत नाही. आणि हजेरीचं म्हणाल तर आता क्रेडिट सिस्टिम आहे, थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे १५ तास शिकवणं, तीन क्रेडिटचा विषय म्हणजे ४५ तास, त्यामुळे तासाला बसणं हा त्या क्रेडिटचाच हिशोब आहे, सरांची मर्जी नाही.

सरांशी मी बोलावं अशी त्याची फार इच्छा होती. मी नाही बोलले. त्यानेच मेल लिहायचा ठरलं. पहिला ड्राफ्ट दोन पानी, घरची परिस्थिती, वडिलांचं कर्ज, आजीचं आजारपण, आणि शेवटी 'कृपया मला वाचवा'. म्हटलं, अरे यात सरांनी करायचं काय ते कुठंय? तासाभराने एवढंच उरलं:

"सर, माझी हजेरी ६२ टक्के आहे. मला सकाळी उशीर होत होता, त्यामुळे मी तुमच्या लेक्चरला येणं बंद केलं, हे चुकलं. चार राइट-अप आणि तीन प्रॅक्टिकल बाकी आहेत. ती पूर्ण करायला मी कधी येऊ? टेस्टची मुदत संपली आहे हे मला माहीत आहे."

शेवटचं वाक्य त्याचं स्वतःचं. सरांनी त्याला बोलावलं, आधी झापलं, मग शनिवारच्या बॅचबरोबर प्रॅक्टिकल करायला सांगितलं. टेस्ट घेतली नाही. आणि सकाळी दार बंद झालं तर मागच्या दाराने येऊन शेवटच्या बाकावर बसायचं, हजेरी मिळणार नाही पण शिकायला मिळेल, असं म्हणाले. हे आधी विचारलं असतं तरी मिळालं असतं बहुतेक.

मधल्या काळात वडिलांचा फोन आला. "मॅडम, पोरगं रोज कॉलेजला जातो म्हणत होतं, अन् इकडं ग्रुपवर यादी, गावातल्या तिघांनी बघितली." त्यांना राग हजेरीपेक्षा त्या यादीचा जास्त. मला स्वतःला ही पद्धत अजिबात पटत नाही, नावांची यादी पालकांच्या ग्रुपवर टाकून काय साधतं कोणास ठाऊक, ज्याच्या त्याच्या पालकांना वेगळा मेसेज टाकायला किती वेळ लागतो? त्यांना एवढंच म्हटलं, दादा, पुढचा महिनाभर रोज 'गेलास का' विचारू नका, रविवारी एकदाच किती तास झाले ते विचारा, आणि आकडा कमी आला तरी फोन आपटू नका.

शेवटी ओंकार बसला १०८ तास, मध्ये व्हायरल तापात चार दिवस गेले. २८० पैकी २०७, म्हणजे ७४ च्या जरा खाली. पण डॉक्टरची खरी चिठ्ठी होती, प्रॅक्टिकल पूर्ण होती, जीएफएमनी शेरा दिला, वडील येऊन हमीपत्रावर सही करून गेले, आणि कमी हजेरी माफ होऊन टर्म ग्रँट झाली, म्हणजे परीक्षेला बसायची परवानगी मिळाली. आजारपण, खेळ, एनसीसी, एनएसएस अशा कारणांसाठी बहुतेक ठिकाणी अशी सूट देण्याची सोय असते, पण कागद लागतो. खोटं मेडिकल सर्टिफिकेट आणून देतो म्हणणारे कॉलेजच्या बाहेर भेटतात, त्यांच्या नादी लागू नका, पकडलं गेलं तर प्रकरण हजेरीचं राहत नाही. मॅथ्स राहिला ओंकारचा. पुढच्या सेमला बॅकलॉग म्हणून देणार आहे, पीजीपण जवळची बघितलीय.

सगळेच सर असं ऐकून घेतात असं नाही, हेही माहितीये. आधी लेखी अर्ज जीएफएमकडे, मग एचओडींकडे म्हणजे विभागप्रमुखांकडे, मग प्रिन्सिपॉलकडे. तिथेही अन्याय झाला असं वाटलं तर यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते, तिने तक्रार आल्यापासून १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि तिच्या वर विद्यापीठाचा लोकपाल असतो. अर्जाची दुसरी कॉपी जवळ ठेवा आणि तिच्यावर तारखेसकट पोच घ्या, ऑफिसमधले कंटाळा करतात पण मागितली की देतात.