चरबी ऊब धरते, पण तयार कोण करतं?

माझं वजन ९२ किलो. घरचे म्हणतात, “तुला कसली थंडी वाजते?” पण पहाटे रंकाळ्यावर फिरायला गेलो की हातपाय बर्फ होतात.

तुमची थंडी खरीच आहे, घरच्यांना खुशाल सांगा. कातडीखालच्या चरबीतून उष्णता स्नायूच्या मानानं निम्मीच बाहेर जाते, त्यामुळे आतली ऊब टिकते. पण म्हणूनच वरची कातडी गार राहते, आणि थंडीची वर्दी मेंदूला आधी कातडीच देते. शिवाय गारठ्यात शरीर हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून रक्त छाती-पोटाकडे राखतं. बोटांवर चरबी ती किती असणार? आतड्यांभोवतीच्या चरबीचा तर या कामी उपयोगच नाही. मोजे आणि कानटोपी घाला.

मुलगा तालमीत जातो. अंगावर चरबी नाही, तरी पहाटे उघड्या अंगानं जोर काढतो. मला मात्र स्वेटरमध्येही हुडहुडी भरते. त्याला बाधणार नाही ना?

जोर सुरू आहेत तोवर नाही. चरबी ऊब धरून ठेवते. मेहनत करताना ऊब तयार करतात मुख्यतः स्नायू. जोर-बैठकांत खर्च होणाऱ्या शक्तीतला साधारण पाऊण हिस्सा उष्णताच होतो. डिसेंबरात कोल्हापुरातल्या गंगावेस तालमीत कुस्तीच्या हौद्यातून बाहेर आलेल्या पोरांच्या खांद्यांवरून वाफ निघताना मी पाहिली आहे. लाल माती घामानं भिजून अंगाला चिकटलेली असते. धोका तिथूनच पुढे आहे. मेहनत थांबली की ऊब घटते, ओलं अंग मात्र गार होतच राहतं. अंग पुसून लगेच कोरडी बंडी आणि वर शाल, एवढं त्याच्याकडून करून घ्या. आणि तुमची हुडहुडी म्हणजे स्नायूंनी न सांगता काढलेले जोरच!

नातू दोन महिन्यांचा आहे. कुडकुडत नाही, म्हणजे त्याला थंडी वाजत नाही का?

वाजते. तान्ह्या बाळाला नीट कुडकुडता येत नाही. त्याच्या पाठीत, मानेशी तपकिरी चरबी असते; ती जळून थेट ऊब देते. (मोठ्यांतही ती थोडी उरते, हे २००९ मध्ये पक्कं झालं.) पण तो साठा लहान. बाळाचं पोट आणि पाठ हातानं चाचपा. गार लागली तर आईच्या छातीशी उघड्या अंगानं धरा आणि वरून दुपटं घाला. तरी ऊब येईना, किंवा बाळ दूध ओढेना, तर तडक दवाखाना गाठा.

सासूबाई ७४ वर्षांच्या, अंगानं वाळलेल्या. यंदा दुपारीही शाल सोडत नाहीत. वयामुळेच ना?

वयानं कातडीखालची चरबी आणि स्नायू दोन्ही झडतात, हे खरं. पण ‘यंदा’ हा शब्द मला खटकतो. हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घ्या, याच आठवड्यात.