‘मी बायोला आलो ते गणित सुटावं म्हणून’

एम.एस्सी.च्या पहिल्या सेमिस्टरला बायोस्टॅटिस्टिक्सचा, म्हणजे जीवशास्त्रातल्या संख्याशास्त्राचा, पेपर जवळ आला की कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत दरवर्षी तोच प्रश्न येतो. “बारावीला गणित सोडलं होतं. आता सिग्माची (बेरजेची) खूण दिसली तरी पोटात गोळा येतो. मी पास होईन का?” उत्तर म्हणून एका मुलीची गोष्ट सांगते. तिच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

करवीर तालुक्यातल्या एका गावातून ती रोज एस.टी.ने यायची. विषय वनस्पतिशास्त्र. पहिल्या भेटीत बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत बसली आणि मग म्हणाली, “मॅडम, मी बायोला आलो ते गणित सुटावं म्हणून. इथं परत तेच.” आमच्याकडच्या मुली ‘मी आलो’ असंच म्हणतात, म्हणून ते तसंच लिहिलंय. अंतर्गत परीक्षेच्या आदल्या रात्री तिला सगळी सूत्रं पाठ होती. पेपर हातात आल्यावर हात गार पडले आणि एकही आठवलं नाही.

हे कधीपासून होतंय, असं विचारलं. आठवीत फळ्यासमोर तिचं गणित चुकलं होतं आणि सर भर वर्गात म्हणाले होते, “तू आपली शेणाच्या पाट्याच उचल.” वर्ग हसला होता. हे सांगतानाही तिची मान खाली होती. अशा एका वाक्याची किंमत मूल किती वर्षं मोजतं, ते या खोलीत बसून मी पाहते आणि मला फार वाईट वाटतं.

भीती वाटते तेव्हा नेमकं काय होतं, ते तिला समजावलं. चार गोष्टी एका वेळी ध्यानात धरून हिशोब करायला मेंदूत जी थोडी जागा असते, तीच काळजी अडवून बसते. म्हणून घरी सुटलेलं गणित परीक्षेत अडतं. डोकं कमी आहे, असा त्याचा अर्थ होत नाही.

पण एवढ्यानं भीती जात नाही. मानसशास्त्राच्या एम.ए.ला मीही संख्याशास्त्र शिकलेय, त्यामुळे विचारलं, “घरी म्हशी किती? डेअरीला दूध कोण घालतं?” म्हशी दोन, आणि दूध घालायला सकाळी तीच जायची. पुढच्या भेटीला ती दूध संस्थेचं पुस्तक घेऊन आली.

सलग पाच सकाळची फॅट, म्हणजे दुधातल्या स्निग्धांशाची टक्केवारी, होती ६.२, ६.६, ६.४, ६.८, ६.०. सरासरी तिनं तोंडी काढली, ६.४. मग प्रत्येक दिवस सरासरीपासून किती लांब, ते लिहिलं आणि बेरीज केली. शून्य आली. ती दचकली. तिला वाटलं, चुकलं. मी म्हटलं, ही बेरीज नेहमी शून्यच येते, म्हणून तर वर्ग करायचे. वर्गांची बेरीज ०.४०. भागायचं पाचानं नाही, चारानं. का? चार दिवसांचे फरक कळले की पाचवा आपोआप ठरतो, त्याला वेगळं काही सांगायचं उरत नाही. ‘डिग्री ऑफ फ्रीडम’ म्हणून पाठ केलेलं ते हेच. ०.१० चं वर्गमूळ सुमारे ०.३२. हीच एसडी, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन (प्रमाण विचलन). ती कागदाकडे बघत राहिली. “म्हणजे एसडी म्हणजे फॅट रोज किती मागंपुढं होती ते?” हो, तेच.

नमुना कसा घ्यायचा, हे तर तिनंच मला शिकवलं. दूध ढवळल्याशिवाय नमुना घेतला तर वरच्या सायीमुळं फॅट जास्त लागते. पुस्तकातलं ‘सॅम्पलिंग बायस’ तिला लहानपणापासून माहीत होतं, फक्त ते नाव माहीत नव्हतं.

“पण पाचच आकड्यांवरून काय कळणार?” असं तिनं विचारलं. हाच प्रश्न डब्लिनच्या गिनेस कंपनीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेटला पडला होता. १९०८ साली त्यानं ‘स्टुडंट’ या टोपणनावानं उत्तर छापलं, तीच थोड्या आकड्यांवरून निष्कर्ष काढायची टी टेस्ट. आणि हे सगळं परक्यांचंच आहे असंही नाही. पोषणाच्या संख्याशास्त्रात जगभर नाव झालेले पां. वा. सुखात्मे १९११ साली जवळच्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावात जन्मले. हे ऐकून ती पहिल्यांदा हसली.

अभ्यासाचं एवढंच ठरलं, की रोज वीस मिनिटं, कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून, पाच आकड्यांचं एक गणित. आणि उत्तराखाली त्याचा अर्थ मराठीत एका ओळीत. ही ओळ मला सूत्राहून महत्त्वाची वाटते. पी व्हॅल्यू ०.०३ आली, तर ‘फरक नसण्याची शक्यता ३ टक्के’ असं खूप मुलं लिहितात, ते चूक आहे. म्हशीची पेंड बदलल्यावर फॅट बदलली का, या गणिताखाली तिनं खूप खाडाखोड करून लिहिलं होतं, “पेंड बदलून काहीच फरक पडत नाही असं धरलं, तर एवढा किंवा याहून मोठा फरक नुसत्या योगायोगानं दिसायची शक्यता १०० त ३.” मी ते वाक्य तिच्याकडून मागून घेतलं. आता इतर मुलांना दाखवते.

सेमिस्टरच्या पेपरला हात गार पडलेच. पण तिनं आधी कागदाच्या कडेला पाच आकडे लिहून एसडी काढली आणि मग प्रश्न वाचायला घेतला. पेपर सोडवता आला.

परवा तिचा फोन आला. आईनं सरकीची पेंड वाढवली होती आणि फॅट वाढली म्हणून ती खूश होती. हिनं विचारलं, “आधीचे किती दिवस धरलीस? आणि म्हैस आटत आली की तशीही फॅट वाढतेच की गं?” आईनं पुस्तक तिच्यापुढं ठेवलं आणि म्हणाली, “मग तूच बघ की.”