कणीक भिजवून आण

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

साखरचौथीच्या रात्री तुमच्या ओटीवर आरती झाली, उसळ-चहा झाला, माणसं उठली. तू मात्र माजघराच्या दाराबाहेर आली नाहीस. माझं लक्ष होतं.

पिठोरीच्या आदल्या दिवशी तुझे बाबा गेले. चतुर्थी सुतकात आली, म्हणून तुमचा गणपती साखरचौथीला आणला. आपल्या पेण-अलिबागकडच्या या रिवाजाचं मला फार मोल वाटतं. ज्याच्या घरावर प्रसंग आला त्याच्यासाठी देव पंधरा दिवसांनी पुन्हा येतो, आणि गावही पुन्हा टाळ घेऊन निघतं. "तुमची वेळ टळली" असं कुणी म्हणत नाही.

काल वाडीच्या बांधावर भेटलीस तेव्हा म्हणालीस, "बुवाकाका, मी आता भजनाला येणार नाही. तिथे बसवत नाही. आणि देवाचा रागच आलाय मला." मला तेव्हा धड बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र.

राग आलाय तर राग घेऊन ये. देवळाच्या पायरीवर चपला काढायच्या असतात, राग नाही.

तुझी काकू गेली त्या वर्षी मी काय केलं ते तुला माहीत नाही, तू तेव्हा शाळेत होतीस. तेरावं झालं आणि मी लगेच एकादशीला उभा राहिलो. दुप्पट जोराने गायचो. लोक म्हणायचे, बुवा किती खंबीर. मलाही ते बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू. घरी आलो की मात्र दिवा न लावता बसून राहायचो. तीन महिने असे गेले. मग काकड्याच्या दिवसांत, एका पहाटे, रोजचाच अभंग म्हणताना दुसऱ्या चरणावर माझा गळा बंद झाला. पुढचा शब्दच निघेना. समोर पंधरा-वीस माणसं. टाळ हळूहळू थांबले. पखवाजावरचा तुझ्या बाबांचा हात मात्र थांबला नाही. त्यांनी धुमाळीचा ठेका सोडला नाही, फक्त आवाज अगदी खाली आणला, बोटांच्या टोकांनी वाजवल्यासारखा. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी रडत होतो आणि ठेका चालला होता. किती वेळ, कुणास ठाऊक. मग मागून कुणीतरी चरण उचलला, दुसऱ्याने धरला, आणि अभंग माझ्याशिवाय पुरा झाला. त्या दिवशी मी घरी गेलो आणि दिवा लावला.

बाबा याबद्दल पुढे कधी एक अक्षर बोलले नाहीत.

तुला आता भेटायला येणारे बरेच जण "आत्मा अमर आहे", "चांगली माणसं देवाला लवकर हवी असतात" असं काहीबाही सांगतील. माया असते म्हणूनच बोलतात, पण ऐकणाऱ्याचं तोंड बंद होतं. वारकऱ्याने रडू नये हे कुणी सांगितलं? ज्ञानदेवांनी १२९६ मध्ये आळंदीला समाधी घेतली तेव्हा नामदेव सव्वीस वर्षांचे होते, तुझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठे. साक्षात योग्यांच्या राजाची समाधी, तरी नामदेवांनी आपला आकांत झाकला नाही. अभंगांमागून अभंगांत तो मांडून ठेवला. आजही कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत नामदेवांचे वंशज तेच प्रसंग कीर्तनात सांगतात आणि मंडपभर माणसं डोळे पुसतात. सातशेहून जास्त वर्षं झाली त्याला. आपला संप्रदाय असा आहे, पोरी. इथे रडण्याला तिथीसुद्धा दिलेली आहे.

माझी आजी तर गातही नसे. आजोबा रामदास बोटीवर होते. १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट बुडाली, ६०० हून अधिक माणसं गेली. आपल्या किनाऱ्यावरची किती घरं त्यात बसली! आजोबांचं प्रेत मिळालं नाही. दर्भाचा पुतळा करून विधी केले, पण आजीला ते कधीच पटलं नाही. ती एकादशीला यायची, शेवटच्या खांबाला पाठ टेकून बसायची, बुक्का लावून घ्यायची आणि घरी जायची. तिला कुणी "गा" म्हटलं नाही, "सावर आता" म्हटलं नाही. मी तिच्या मांडीवर झोपायचो, म्हणून मला तो खांब आठवतो.

तूही तशीच ये. टाळ हातात घेतलाच पाहिजे असं नाही.

आणि माणसांना घरात येऊ दे. ३ जून २०२० आठवतो ना? निसर्ग वादळाने तुमच्या वाडीतल्या सुपाऱ्या झोपवल्या, दोन माड पडवीवर आले. दुसऱ्या दिवशी मंडळातली माणसं कोयते-करवती घेऊन आली तेव्हा बाबांनी "कशाला त्रास घेताय" असं एकदाही म्हटलं नाही. कुठला ओंडका आधी हलवायचा ते दाखवलं फक्त. मदत घेणंही त्यांना छान जमायचं. आता आळीतल्या बायका डबे आणतात, ते घे. आईला चार घास भरव, तूही खा. डबे धुऊन रिकामेच परत कर. रिकामा डबा देऊ नये ही रीत खरी, पण ती सुखाच्या दिवसांची.

बाबांच्या पखवाजाचं विचारलंस. देऊन टाकायची घाई करू नकोस. खुंटीवर राहू दे. फक्त आठवड्यातून एकदा खोळ काढून हवेशीर जागी ठेव, या दमट हवेत चामड्याच्या पुडीला बुरशी धरते.

एक काम मात्र तुझ्याकडे आहे. आपल्याकडे रोज तांदळाची भाकरी, त्यामुळे पखवाजाच्या धुमेला, म्हणजे डाव्या पुडीला, लावायची मूठभर गव्हाची कणीक तू लहानपणापासून वेगळी भिजवून द्यायचीस. बाबा ती ओल्या फडक्यात गुंडाळून आणायचे, आल्या आल्या थापायचे, थाप मारून आवाज बघायचे, नखाएवढी काढायचे, पुन्हा बघायचे. आता वरच्या आळीतला मुलगा वाजवतो. हात चांगला आहे त्याचा, पण कणीक घट्ट भिजवतो. दुसऱ्या अभंगाला ती सुटून मांडीवर पडते.

परवा एकादशी आहे. तेवढी कणीक भिजवून आण. त्याच्या हातात दे आणि वाटलं तर उभ्या उभ्या परत जा. शेवटच्या खांबापाशी सतरंजी टाकून ठेवतो.

तुझे,
बुवाकाका