नॅशनल ऑनर सोसायटी: नववीतल्या मुलीची तयारी कशी करून घ्यावी?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगी यंदा नववीत आहे आणि जीपीए, म्हणजे ४ पैकी ग्रेडची सरासरी, ३.९ आहे. शेजारच्या मुलाचे मार्क हिच्याहून चांगले असूनही त्याला अकरावीत ऑनर सोसायटीत, म्हणजे अमेरिकेतल्या हायस्कूलच्या निवडक मुलांचा गौरव करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेत, घेतलं नाही. मग आत्तापासून काय करावं? यासाठी कुठे क्लास असतो का? घरी 'फी भरा आणि सदस्य व्हा' असं एक पत्र आलंय, त्याचं काय करायचं? कॉलेजच्या प्रवेशात याला किती वजन असतं? आणि यजमानांची नोकरी टेक्सासला गेली तर इथलं केलेलं सगळं वाया जाईल का?

मी न्यू जर्सीतल्या एका पब्लिक हायस्कूलमध्ये गणित शिकवते. आमच्या शाळेच्या निवड समितीवर, म्हणजे फॅकल्टी कौन्सिलवर, काही वर्षं होते. त्यामुळे फॉर्म वाचणाऱ्यांच्या बाजूने काय दिसतं ते सांगते.

क्लास नसतो, कारण परीक्षाच नसते. आपण चौथी-सातवीच्या स्कॉलरशिपमधून, दहावीच्या बोर्डातून आलेली माणसं. कट-ऑफ ओलांडला की नाव लागलं, हे आपल्या हाडीमासी खिळलेलं असतं. इथे जीपीएचा कट-ऑफ आहे, पण त्याने फक्त फॉर्म भरायची परवानगी मिळते. राष्ट्रीय पातळीवर किमान अट ३.० जीपीए किंवा ८५ टक्के इतकीच आहे. प्रत्येक शाळेचं चॅप्टर, म्हणजे सोसायटीची त्या शाळेतली शाखा, ती वाढवू शकतं आणि बरीच चॅप्टर वाढवतातही. ती अट ओलांडली की पुढे मार्कांवरून क्रम लावायचा नसतो. ३.९ आणि ४.०मधला फरक कौन्सिलच्या टेबलावर उरत नाही. तिथून पुढे सेवा, नेतृत्व आणि चारित्र्य या तीन गोष्टी बघायच्या असतात. शेजारच्या मुलाचं नेमकं काय झालं ते मी सांगू शकत नाही, पण उत्तम मार्कांची मुलं अडकतात ती बहुतेक वेळा इथेच.

ही रचना मुळातून अशी आहे. १९२१ साली शाळांच्या मुख्याध्यापकांच्या राष्ट्रीय संघटनेने ही संस्था काढली. त्यात पुढाकार होता पिट्सबर्गच्या फिफ्थ ॲव्हेन्यू हायस्कूलचे प्रिन्सिपल एडवर्ड रायनर्सन यांचा. हुशार मुलांचा गौरव करणारी मंडळं त्याआधीही ठिकठिकाणच्या शाळांमध्ये होती. यांनी अभ्यासाच्या जोडीला बाकीच्या तिन्ही गोष्टी घातल्या आणि चारही सारख्याच महत्त्वाच्या धरल्या. शंभर वर्षं उलटली, पण तो पाया बदललेला नाही.

निवड करतात प्रिन्सिपलने नेमलेले पाच शिक्षक. प्रिन्सिपल किंवा व्हाइस प्रिन्सिपल त्या पाचांत बसत नाहीत. चॅप्टरचे ॲडव्हायझर, म्हणजे त्याचं काम बघणारे शिक्षक, बैठकीला असतात, पण त्यांना मत नसतं. बहुमताने निर्णय होतो. म्हणून ॲडव्हायझरला दहा ईमेल पाठवून किंवा ऑफिसात ओळख काढून काही हाती लागत नाही.

आता सेवेबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण आपल्या घरांमधून सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. सेवा म्हणजे शाळेसाठी किंवा समाजासाठी बिनमोबदला केलेलं काम. मुलगी मंडळाच्या गणेशोत्सवात नाचते, ढोल-ताशा पथकात वाजवते, हे छान आहे आणि ॲक्टिव्हिटी म्हणून ते जरूर लिहावं. पण ती सेवा नव्हे. त्याच गणेशोत्सवात सकाळी सातला जाऊन हॉलमध्ये खुर्च्या मांडणं, आरतीनंतर चारशे ताटांचा कचरा वेगळा करणं, लहान मुलांच्या चित्रकलेचं टेबल सांभाळणं, ही सेवा. मराठी शाळेत दर रविवारी बालवर्गाच्या बाईंना मदतनीस म्हणून हात दिला तर ती उत्तम सेवा, कारण ती वर्षभर चालते आणि तिच्यावर दुसरं कुणीतरी अवलंबून असतं.

कौन्सिलला हे सातत्यच बघायचं असतं. एका विद्यार्थ्याच्या फॉर्मवर चौदा ठिकाणं होती. कुठे बीच सफाई, कुठे मॅरेथॉनला पाणीवाटप, कुठे ग्रंथालयातला एक दिवस. सगळं जानेवारी ते मार्चमधलं, म्हणजे फॉर्मच्या तोंडावरचं. त्याच गठ्ठ्यात एका मुलीने एकच जागा लिहिली होती: गावातली फूड पँट्री (गरजूंना मोफत अन्नधान्य देणारं केंद्र), नववीपासून महिन्यातले दोन शनिवार. डबे तारखेप्रमाणे लावायचे, जुने पुढे, नवे मागे. स्पॅनिश बोलणाऱ्या आजी-आजोबांना पिशवी भरायला मदत करायची. डायबिटीस असलेल्यांसाठी साखर न घातलेल्या डब्यांचा एक वेगळा खण करावा, हे तिनेच तिथल्या बाईंना सुचवलं होतं. तिचे तास त्या मुलापेक्षा कमी भरत होते. पण तिच्या नावावर चर्चा करावीच लागली नाही.

तुम्ही एच-फोर व्हिसावर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या कुटुंबाला मिळणाऱ्या) असाल तर मुलांना पगारी काम करता येत नाही, ही अडचण इथे येत नाही. सेवा बिनपगारीच असते. संस्था मात्र नोंदणीकृत ना-नफा असावी, कुणा ओळखीच्याचं दुकान किंवा खासगी क्लास नको.

नोंद त्याच आठवड्यात करायची. तारीख, तास, केलेलं काम आणि सही करणाऱ्या मोठ्या माणसाचं नाव-ईमेल, एवढी एक साधी शीट तिने स्वतः ठेवावी. दोन वर्षांनी कोऑर्डिनेटर बदललेला असतो, फोन लागत नाही आणि खरंखुरं केलेलं कामही कागदावर येत नाही. दर वर्षी जूनमध्ये सही घेऊन ठेवली की प्रश्न मिटला. आई, बाबा, काका यांची सही बहुतेक चॅप्टर मानत नाहीत. मंडळातलं काम असेल तर नात्यातल्या नव्हे, तर मंडळाच्या पदाधिकाऱ्याची सही घ्या.

नेतृत्व म्हटलं की पालक विचारतात, "क्लबची प्रेसिडेंट व्हायला हवं का?" नाही. एखादी जबाबदारी अंगावर घेऊन ती तडीला नेली का, एवढंच आम्ही बघतो. बुजऱ्या मुलांच्या आईवडिलांना मी हे आवर्जून सांगते. माझ्याच वर्गात एक अबोल मुलगी होती. लंचच्या वेळात अल्जेब्रा अडलेल्या नववीच्या मुलांना ती शिकवायची. मुलं वाढली तेव्हा तिने आणखी तिघींना जोडीला घेतलं, कुणाचा कोणता वार याचं वेळापत्रक माझ्या दारावर लावलं आणि कुणी गैरहजर असेल तर बदली शोधायची सवय लावली. पद काही नव्हतं. कौन्सिलला ते नेतृत्व म्हणून पटायला अर्धं मिनिटही लागलं नाही. उलट, नाव लावण्यापुरता नवीन क्लब काढायचा आणि दोन सभांनंतर तो बंद पडायचा, हे शिक्षकांना पाठ झालंय. तुमची मुलगी शाळेतल्या असलेल्याच दोन गोष्टींत टिकून राहिली तर अकरावीपर्यंत तिच्याकडे काम आपसूक येईल.

चारित्र्याचा भाग मात्र घरात बोलायलाच हवा. तो फॉर्मवर लिहून सिद्ध करता येत नाही. शाळेतल्या शिक्षकांची मतं मागवली जातात आणि शिस्तभंगाच्या नोंदी बघितल्या जातात. होमवर्क दुसऱ्याचा उतरवला, प्रोजेक्ट एआयकडून लिहून घेतलं आणि ते पकडलं गेलं, तर ती एक नोंद ४.० जीपीएला भारी पडते. या मुलांवर एवढा ताण असतो की अशी चूक बहुतेक वेळा हुशार मुलांकडूनच होते: रात्रीचे बारा वाजलेत, उद्या एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या, केमिस्ट्रीची लॅब द्यायची आहे, मैत्रिणीची फाइल फोनवर आहे. त्या क्षणी मुलीला "उशीर झाला तर दहा मार्क जाऊ देत, आई रागावणार नाही" हे ठाऊक असेल तर ती वाचते. माझ्या मते या सगळ्या तयारीत पालकांच्या हातातलं सर्वात मोठं काम हेच आहे. बी ग्रेड मिळाल्याचं घरी येऊन निर्धास्तपणे सांगता आलं पाहिजे. म्हणून एपीसुद्धा झेपतील तेवढेच घ्या. जीपीएची अट सांभाळायला सगळ्यात अवघड वर्गांची रांग लागत नाही.

बाकी शिक्षकांच्या लक्षात राहतात त्या लहान गोष्टी. ग्रुपमध्ये काम न करणाऱ्याशी मूल कसं वागतं, बदली शिक्षक आले की वर्गात काय करतं, कस्टोडियनना, म्हणजे शाळेच्या सफाई कर्मचाऱ्यांना, नमस्कार करतं का. मार्कांची तक्रार असेल तर ती मुलीने स्वतः, वर्गानंतर, शांतपणे विचारावी. पालकांचा ईमेल शेवटचा उपाय म्हणून ठेवा.

फॉर्मही तिनेच लिहायचा. हे मी पोटतिडकीने सांगते. आम्ही त्या मुलांचं लिखाण रोज वाचतो, त्यामुळे बाबांनी सजवलेलं वाक्य लगेच ओळखू येतं. आणि बाबांनी लिहिलेला फॉर्म हा चारित्र्याच्या कसोटीवर घसरलेला फॉर्म असतो. तुम्ही फक्त वाचा आणि प्रश्न विचारा. तिने लिहिलं, "मी समाजसेवेची आवड जोपासली आणि अनेकांचे जीवन बदलले," तर विचारा: कुठे? कुणासाठी? तू नेमकं काय केलंस? मग ती लिहील, "दर रविवारी मराठी शाळेत पाच-सहा वर्षांच्या नऊ मुलांना अक्षरं गिरवायला शिकवते. दिवाळीच्या आधी त्यांनी भारतातल्या आजी-आजोबांना स्वतःच्या हाताने पत्रं लिहिली." हे वाचणाऱ्याला दिसतं. घरी धाकट्या भावाला शाळेतून आणणं, आजाराने अंथरुणावर असलेल्या आजोबांचं बघणं अशी जबाबदारी असेल आणि त्यामुळे वेळ कमी मिळत असेल, तर तेही साध्या शब्दांत लिहावं. कौन्सिल ते विचारात घेऊ शकते.

फी मागणाऱ्या पत्राबद्दल. खऱ्या नॅशनल ऑनर सोसायटीचं सदस्यत्व मुलीच्या स्वतःच्या शाळेच्या चॅप्टरकडूनच येतं. नववीत ते मिळतच नाही, दहावी ते बारावीतच मिळतं. काही चॅप्टर थोडी वार्षिक वर्गणी घेतात, पण ती निवड झाल्यावर. मिळत्याजुळत्या नावाची पत्रं घरी येतात तेव्हा पैसे भरण्याआधी मुलीच्या गायडन्स काउन्सेलरना ते पत्र दाखवा. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या वाचकांसाठी एक गोष्ट: तिथल्या अनेक शाळांत कॅलिफोर्निया स्कॉलरशिप फेडरेशनही असतं. तेही १९२१चंच, पण वेगळं. तिथे सेमिस्टरच्या मार्कांवरून मुलाने दर वेळी स्वतः अर्ज करायचा असतो. दोन्हींची गल्लत करू नका.

कॉलेजच्या दृष्टीने याला किती वजन, असंही तुम्ही विचारलंय. कॉमन ॲपमध्ये, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या एकाच प्रवेश अर्जात, सन्मानांसाठी पाच रकाने असतात, त्यातला एक यात जाईल. मोठ्या शाळांतून दर वर्षी बरीच मुलं सदस्य होतात, त्यामुळे केवळ या नावाने नामांकित कॉलेजचं दार उघडतं असं मी म्हणणार नाही. पण त्याच अर्जात उपक्रमांचे दहा रकाने असतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला फक्त १५० अक्षरं. तिथे फूड पँट्रीतली तीन वर्षं बोलतात. म्हणजे निवड झाली नाही तरी त्या कामाचा उपयोग होतोच.

निवड नाही झाली तर पहिल्या दिवशी काही करू नका. नंतर मुलीने ॲडव्हायझरला भेटून "मी कुठे कमी पडले, पुढच्या वेळी काय सुधारू?" हे विचारावं. प्रक्रियेत चूक झाली असेल, म्हणजे फॉर्म गहाळ झाला, जीपीए चुकीचा मोजला, तर प्रिन्सिपलकडे जाता येतं. पण कौन्सिलचं मत बदलून घ्यायला राष्ट्रीय कार्यालयाकडे जाऊन उपयोग नाही. एकेका मुलाच्या निवडीत ते लक्ष घालत नाहीत. बारावीत पुन्हा विचार होऊ शकतो, तेव्हा तुमच्या चॅप्टरचा नियम विचारून घ्या.

निवड झाली तर काम तिथून सुरू होतं. चॅप्टरच्या सामूहिक सेवा प्रकल्पात भाग घ्यायचा, शिवाय स्वतःचा एक करायचा आणि जीपीए अटीखाली जाऊ द्यायचा नाही. नियम मोडले तर आधी लेखी सूचना आणि बाजू मांडायची संधी मिळते. पण एकदा काढून टाकलं किंवा आपण राजीनामा दिला की पुन्हा कधीच सदस्य होता येत नाही. म्हणून बारावीच्या धबडग्यात "जमत नाही" म्हणून घाईने राजीनामा देऊ देऊ नका. आधी ॲडव्हायझरशी बोलायला सांगा.

आता टेक्सासचं. ती सदस्य झाल्यानंतर शाळा बदलली तर जुन्या शाळेच्या प्रिन्सिपलचं किंवा ॲडव्हायझरचं पत्र न्यायचं. नव्या शाळेत चॅप्टर असेल तर तिला आपोआप घेतलं जातं आणि तिथल्या अटी पूर्ण करायला एक सेमिस्टर मिळतो. सदस्य होण्याआधी हललात तर उमेदवारीसाठी नव्या शाळेत साधारण एक सेमिस्टर काढलेला असावा लागतो. मात्र जुन्या प्रिन्सिपलच्या शिफारशीवरून कौन्सिल ती अट शिथिल करू शकते. तेव्हा निघण्यापूर्वी तीन गोष्टी हातात घ्या: सह्यांसकट सेवेची शीट, प्रिन्सिपलचं शिफारसपत्र आणि दोन शिक्षकांचे ईमेल. तिथे पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात मुलीला नव्या ॲडव्हायझरकडे पाठवा. जीपीएची अट किती, फॉर्म कोणत्या महिन्यात निघतात आणि बाहेरच्या राज्यातले सेवेचे तास धरतात का, हे तिने तिथेच विचारून घ्यावं.